एम्बामिंग : मूलतत्त्वे, नियम आणि दिल्लीतील व्यवस्था

घरापासून दूर मृत्यू आला आणि अंत्यसंस्कार मात्र गावीच व्हावेत अशी कुटुंबाची इच्छा असली, तर मधले काही तास किंवा काही दिवस पार्थिव देह सुस्थितीत राहणे आवश्यक ठरते. त्यासाठी केल्या जाणाऱ्या शास्त्रीय प्रक्रियेला एम्बामिंग म्हणतात. मराठीत तिला शवसंलेपन असेही नाव आहे. उपचार, शिक्षण आणि नोकरीसाठी देशभरातून माणसे दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतात. त्यामुळे तेथे या कामाची गरज सातत्याने भासते. तथापि, या प्रक्रियेची मूलतत्त्वे, तिच्याशी निगडित कायदा आणि ती करणाऱ्यांचे प्रशिक्षण यांविषयी सर्वसामान्यांना फारच थोडी माहिती असते. ही माहिती बहुधा वेळ हातात नसतानाच शोधावी लागते.

दिल्लीत निधन, महाराष्ट्रात अंत्यसंस्कार

महाराष्ट्राला अशा प्रवासाची ओळख जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी झाले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईत आणण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबर रोजी, दादर चौपाटीवर लाखोंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. यशवंतराव चव्हाण यांचे २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत निधन झाले. त्यांच्यावर कराड येथे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर अंत्यसंस्कार करण्यात आले. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत अपघातानंतर निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी बीड जिल्ह्यातील परळी येथे त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला.

डिसेंबरमधील दिल्लीची थंडी आणि चाळीस अंशांवर तापणारा जून यांत मृतदेहाच्या दृष्टीने मोठा फरक असतो. मान्यवरांच्या बाबतीत डॉक्टर, अधिकारी आणि विमान यांची व्यवस्था तातडीने होते. लातूरहून उपचारासाठी आलेल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाला मात्र अनोळखी शहरात, अनोळखी भाषेत, दुःखाच्या भरात हे सारे स्वतःच उभे करावे लागते.

मृत्यूनंतर शरीरात काय घडते

रक्ताभिसरण थांबल्यानंतर शरीर हळूहळू भोवतालच्या तापमानाला येते. साधारणतः दोन ते चार तासांत स्नायू ताठ होऊ लागतात आणि सुमारे बारा तासांत संपूर्ण शरीर ताठर होते. पुढे ही ताठरता क्रमाने ओसरते. रक्त गुरुत्वाकर्षणामुळे खालच्या भागात साचते आणि तेथे जांभळट छटा दिसू लागते.

याच काळात पेशींतील विकरे पेशींचेच विघटन सुरू करतात आणि आतड्यांतील जीवाणू शरीरभर पसरू लागतात. पोटाच्या उजव्या खालच्या भागावर उमटणारी हिरवट छटा हे कुजण्याचे पहिले ठळक लक्षण मानले जाते. उत्तर भारतातील कडक उन्हाळ्यात ते एका दिवसाच्या आतच दिसू शकते. हिवाळ्यात त्याला कितीतरी अधिक वेळ लागतो.

विघटन रोखण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला शीतकरणाचा. शवागारात साधारणतः चार अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान ठेवले जाते. यामुळे विघटन मंदावते, थांबत नाही, आणि देह बाहेर काढताच ते पुन्हा वेग घेते. दुसरा मार्ग एम्बामिंगचा. यात रक्तवाहिन्यांवाटे रासायनिक द्रावण शरीरभर पोहोचवले जाते. ते ऊतींतील प्रथिनांना परस्परांशी बांधून घट्ट करते आणि जीवाणूंचा नाश करते. त्यामुळे देह शीतगृहाबाहेरही काही काळ टिकतो. तथापि, प्रवासासाठी केलेले एम्बामिंग कायमस्वरूपी नसते. त्यातून मिळतो तो केवळ अवधी.

थोडा इतिहास

प्राचीन इजिप्तमध्ये देह क्षारांत सुकवून जतन केले जात. भारतात सुश्रुतसंहितेत शरीररचनेच्या अभ्यासासाठी देह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवण्याची पद्धत वर्णिलेली आहे. तिचा हेतू वेगळा होता. देह मऊ करून त्याचे थर एकामागून एक उलगडून पाहता यावेत, यासाठी ती योजलेली होती.

आधुनिक एम्बामिंगचा पाया १६२८ मध्ये घातला गेला, असे म्हणता येईल. त्या वर्षी विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला. रक्त ज्या वाटांनी शरीरभर फिरते, त्याच वाटांनी एखादे द्रावणही फिरवता येईल, ही कल्पना त्यातूनच पुढे आली. अठराव्या शतकात स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी रोहिणीवाटे द्रावण सोडण्याची पद्धत व्यवस्थित विकसित केली.

अमेरिकेतील यादवी युद्धात दूरवर मृत्युमुखी पडलेल्या सैनिकांचे देह घरी पाठवण्याच्या गरजेतून ही पद्धत तेथे रुजली. १८६५ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा देह एम्बामिंग करून रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेण्यात आला आणि वाटेत अनेक शहरांत नागरिकांनी अंत्यदर्शन घेतले. त्या काळातील द्रावणांत आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये असत. १८९३ मध्ये जर्मन वैद्यक फर्डिनांड ब्लूम यांनी ऊती टिकवण्याचा फॉर्माल्डिहाइडचा गुण दाखवून दिला आणि पुढे तेच या कामातील प्रमुख द्रव्य बनले.

परवानगी प्रथम, प्रक्रिया नंतर

एम्बामिंग शिकणाऱ्याला पहिला धडा दिला जातो तो कायद्याचा. मृत्यू प्रमाणित झाल्याखेरीज आणि मृत्यूचे स्वरूप स्पष्ट झाल्याखेरीज देहाला हात लावता येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देणे अपेक्षित असते. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४, तर रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी नमुना ४ अ वापरला जातो. हे प्रमाणपत्र आणि महापालिकेकडून मिळणारा मृत्यू नोंदणीचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईच्या वेळी अनेकांची येथेच गफलत होते.

अपघात, आत्महत्या, विषबाधा, भाजणे किंवा संशयास्पद मृत्यू अशा प्रकरणांत पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन यांनंतरच एम्बामिंग करता येते. यासंबंधीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या स्त्रीच्या मृत्यूबाबत चौकशीच्या विशेष तरतुदी आहेत.

हा नियम केवळ औपचारिक नाही. एम्बामिंगच्या द्रावणात अल्कोहोल असते, त्यामुळे मृताने मद्यप्राशन केले होते काय याची तपासणी निरुपयोगी ठरू शकते. फॉर्माल्डिहाइडची सायनाइडसारख्या विषांशी प्रक्रिया होऊन त्यांचा माग पुसला जातो. अवयवांत टोचलेल्या उपकरणाने जखमेचे मूळ स्वरूप बदलते. एकदा एम्बामिंग झाले की मृत्यूचे कारण शोधण्याची संधी बहुतांशी हातची जाते. नातेवाईक कितीही घाईत असले, तरी शंका असेल तेथे थांबणे हेच या कामातील कर्तव्य होय. जाणूनबुजून पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ नुसार गुन्हा आहे.

अभिनेत्री श्रीदेवी यांचे २४ फेब्रुवारी २०१८ रोजी दुबईत निधन झाले, तेव्हा हीच बाब देशभराच्या लक्षात आली. तेथील सरकारी अभियोग विभागाने चौकशी पूर्ण करून परवानगी दिल्यानंतर, २७ फेब्रुवारी रोजी, मुहैसना येथील केंद्रात एम्बामिंग झाले. त्याच दिवशी पार्थिव मुंबईकडे रवाना झाले आणि २८ फेब्रुवारीला अंत्यसंस्कार पार पडले.

द्रावणात काय असते

मुख्य घटक फॉर्मालिन. पाण्यात सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड असलेल्या द्रावणाला फॉर्मालिन म्हणतात. ते जसेच्या तसे वापरले जात नाही. बरेच सौम्य करून घेतले जाते. त्याच्या जोडीला ऊतींत चटकन शिरण्यासाठी स्पिरिट, त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीन, बुरशी व जीवाणू रोखण्यासाठी फेनॉल किंवा थायमॉल, रक्ताच्या गुठळ्या सैल व्हाव्यात यासाठी काही क्षार आणि त्वचेला स्वाभाविक छटा देण्यासाठी इओसिनसारखा रंग वापरला जातो.

प्रमाण ठरवणे हे अनुभवाचे काम आहे. द्रावण अतितीव्र झाल्यास त्वचा करडी व ताठ होते. अतिसौम्य झाल्यास विघटन थांबत नाही. मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला असल्यास देहातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्ये फॉर्माल्डिहाइडला निष्प्रभ करतात, म्हणून अधिक तीव्र द्रावण लागते. काविळीच्या रुग्णाच्या बाबतीत फॉर्माल्डिहाइडमुळे त्वचेतील पिवळे रंगद्रव्य हिरवट होऊ शकते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांतील रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात आणि तेथपर्यंत द्रावण पोहोचत नाही. त्यामुळे मृत्यूचे कारण आणि पूर्वीचे आजार जाणून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, असे शिकवले जाते.

प्रक्रियेचे टप्पे

प्रथम ओळख पटवली जाते. नाव, वय, वेळ आणि कागदपत्रांवरील तपशील देहावरील चिठ्ठीशी ताडून पाहिले जातात. मंगळसूत्र, अंगठी, जानवे अशा वस्तूंची यादी करून त्या नातेवाइकांच्या स्वाधीन केल्या जातात किंवा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहावरच ठेवल्या जातात. दोन्ही बाबतींत स्वाक्षरी घेतली जाते. हृदयाला पेसमेकर बसवलेला असल्यास त्याची नोंद करणे महत्त्वाचे असते, कारण दहनाच्या वेळी त्यातील बॅटरीचा स्फोट होऊ शकतो.

त्यानंतर देह जंतुनाशकाने स्वच्छ केला जातो. ताठर झालेले सांधे हळुवार हालचालींनी सैल केले जातात. डोळे आणि तोंड मिटवून चेहरा शांत, स्वाभाविक स्थितीत आणला जातो. हे द्रावण सोडण्यापूर्वीच करावे लागते, कारण ऊती एकदा घट्ट झाल्या की चेहरा त्याच स्थितीत राहतो.

पुढचा टप्पा रोहिणी शोधण्याचा. हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी आणि ते परत आणणाऱ्या वाहिनीला नीला म्हणतात. मांडीच्या वरच्या भागातील फिमोरल रोहिणी किंवा मानेतील कॅरोटिड रोहिणी सामान्यतः निवडली जाते. मांडीत बाहेरून आतल्या बाजूकडे आधी मज्जातंतू, मग रोहिणी आणि त्यानंतर नीला असा क्रम असतो. हा क्रम पाठ असणे ही या शिक्षणाची पहिली परीक्षा होय. लहानसा छेद घेऊन रोहिणीत कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, बसवली जाते. कपड्यांखाली छेद झाकला जात असल्याने मांडीची जागा अनेकदा सोयीची ठरते.

उंचावर ठेवलेल्या टाकीतून किंवा पंपाच्या साहाय्याने द्रावण सावकाश सोडले जाते. प्रौढ व्यक्तीच्या देहासाठी साधारणतः आठ ते दहा लिटर द्रावण लागते. वजनानुसार हे प्रमाण कमी-अधिक होते. नीलेवाटे रक्त बाहेर काढले जाते. केवळ अध्यापनासाठीच्या देहांत काही ठिकाणी हा भाग वगळतात. दाब एकदम वाढवल्यास चेहरा सुजतो आणि ही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून शिकाऊ व्यक्तीला घाई न करण्याची ताकीद वारंवार दिली जाते.

द्रावण सर्वत्र पोहोचले की नाही, हे हातापायांची बोटे, कानाच्या पाळ्या आणि ओठ पाहून ठरवले जाते. तेथे हलकी छटा येते आणि ऊती घट्ट लागतात. न पोहोचलेल्या भागाला चोळून प्रवाह वाढवला जातो; तरीही उपयोग न झाल्यास त्या जागी स्वतंत्रपणे द्रावण टोचले जाते. शेवटी ट्रोकार नावाच्या टोकदार पोकळ उपकरणाने छाती व पोटातील वायू आणि द्रव काढून तेथे तीव्र द्रावण भरले जाते. छेद शिवून देह पुन्हा धुतला जातो, पुसला जातो आणि नातेवाइकांनी दिलेले कपडे चढवले जातात. या सर्व कामाला साधारणतः दोन ते चार तास लागतात.

शवविच्छेदन झालेल्या देहात रक्तवाहिन्यांचे जाळे तुटलेले असते. अशा वेळी एका जागेतून काम भागत नाही. मानेच्या दोन, काखेतील दोन आणि जांघेतील दोन अशा सहा ठिकाणांहून डोके, हात व पाय यांत द्रावण स्वतंत्रपणे सोडावे लागते आणि आतील अवयवांवर वेगळी प्रक्रिया करावी लागते. याला अधिक वेळ आणि अधिक कौशल्य लागते.

दिल्लीत हे काम कोठे शिकले जाते

अमेरिकेत शवसंलेपनाचे स्वतंत्र अभ्यासक्रम, परीक्षा आणि राज्यांचे परवाने आहेत. ब्रिटनमध्ये ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ एम्बामर्स ही व्यावसायिक संस्था १९२७ पासून कार्यरत आहे. भारतात एम्बामिंग करणाऱ्यांना स्वतंत्र परवाना देणारी देशव्यापी व्यवस्था नाही. येथे हे ज्ञान प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागांत जतन झाले आहे.

दिल्लीत १९५६ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा, अर्थात एम्सचा, शरीररचनाशास्त्र विभाग याचे ठळक उदाहरण होय. तेथे एकीकडे दान केलेले देह अध्यापनासाठी दीर्घकाळ टिकवले जातात, तर दुसरीकडे प्रवासासाठी एम्बामिंगची सेवाही दिली जाते. पहिल्या प्रकारात देह महिनोन्‌महिने टिकणे महत्त्वाचे असते, म्हणून द्रावण तीव्र असते. दुसऱ्या प्रकारात काही दिवस टिकाव आणि चेहऱ्याची स्वाभाविकता यांना महत्त्व असते.

या विभागाशी महाराष्ट्राचे एक नाते आहे. सध्याच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेले ज्येष्ठ समाजसेवक नानाजी देशमुख यांचे २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे निधन झाले. त्यांच्या पूर्वसंकल्पानुसार त्यांचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी एम्सला देण्यात आला. वेगळ्या विचारधारेचे नेते सीताराम येचुरी यांचे १२ सप्टेंबर २०२४ रोजी एम्समध्येच निधन झाले. अंत्यदर्शनानंतर १४ सप्टेंबरला त्यांचा देहही याच संस्थेकडे अध्यापन व संशोधनासाठी सोपवण्यात आला.

विभागातील प्राध्यापक शास्त्र शिकवतात. शरीररचनाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एम्बामिंगचे प्रात्यक्षिक ज्ञान मिळवावे लागते. मात्र देह उचलणे, धुणे, टाकी भरणे, रोहिणी उघडी करणे यांतील बरीचशी कामे विच्छेदन कक्षातील परिचर करतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांच्या बोटांना जे कळते, ते पुस्तकात सापडत नाही. तथापि, या कौशल्याला पदविका नाही, बढतीच्या वाटा मर्यादित आहेत आणि समाजात या कामाला प्रतिष्ठाही कमी मिळते. खासगी अंत्यसेवा पुरवणाऱ्यांकडे काम करणाऱ्या तरुणांना तर एखाद्या जाणत्याच्या हाताखाली पाहून शिकण्यावाचून अनेकदा पर्याय नसतो. शरीररचना, रसायनशास्त्र, संसर्गापासून बचाव, कायदा आणि शोकाकुल कुटुंबाशी वागण्याची रीत हे पाच विषय एकत्रितपणे शिकवणाऱ्या प्रमाणित प्रशिक्षणाची गरज यातून स्पष्ट होते.

करणाऱ्याची सुरक्षितता

फॉर्माल्डिहाइडच्या वाफांनी डोळे चुरचुरतात, घसा जळजळतो आणि श्वसनाचा त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी हवेतील सरासरी मर्यादा दहा लाख भागांत ०.७५ भाग इतकी निश्चित केलेली आहे. म्हणूनच दूषित हवा खालच्या पातळीवरून बाहेर खेचणारी वायुवीजन व्यवस्था, योग्य मुखवटा, चष्मा, दुहेरी हातमोजे आणि जलरोधक एप्रन या बाबी आवश्यक ठरतात. तोंडाला साधा रुमाल बांधून हे काम करणे धोक्याचे आहे.

क्षयरोग, काविळीचे विषाणू आणि एचआयव्ही यांचा संसर्ग सुई टोचण्यातून किंवा शरीरद्रवांतून होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक देह संसर्गजन्य आहे असे गृहीत धरूनच काम करावे, असा नियम आहे. कावीळ-ब विरोधी लस घेणे हा त्यातील प्राथमिक उपाय होय. काही परिस्थितींत एम्बामिंग करू नये, असेच सांगितले जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये कोविड-१९ ने मृत्यू झालेल्यांच्या देहांबाबत जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत एम्बामिंगला परवानगी नव्हती.

विमानतळापर्यंतची वाट

विमानाने देह नेण्यासाठी सामान्यतः मृत्यूचे प्रमाणपत्र, एम्बामिंगचे प्रमाणपत्र, शवपेटीचे प्रमाणपत्र, पोलिसांचे ना हरकत प्रमाणपत्र आणि मृत व सोबत जाणारी व्यक्ती यांची ओळखपत्रे लागतात. देहाची पाठवणी विमान कंपनीच्या मालवाहतूक विभागातून होते. हे प्रवासी कक्षात पोहोचल्यावर कळल्यास बराच वेळ वाया जातो. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी जस्ताच्या पत्र्याचे अस्तर असलेली, हवाबंद केलेली पेटी आवश्यक असते आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत संबंधित दूतावासाची कागदपत्रे लागतात.

परदेशातून भारतात देह आणण्याचे नियमन विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम, १९५४ नुसार होते आणि विमानतळ आरोग्य अधिकारी त्यास मंजुरी देतात. ही मंजुरी लवकर मिळावी म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘ई-केअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचे प्रमाणपत्र, रद्द केलेल्या पारपत्राची प्रत आणि भारतीय दूतावासाचे ना हरकत प्रमाणपत्र ही त्यासाठीची मुख्य कागदपत्रे आहेत.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आणखी एक अडचण येते. गुरुग्राम व फरिदाबाद हरियाणात, नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात, तर विमानतळ दिल्लीत आहे. मृत्यू जेथे झाला तेथील पोलीस ठाण्याचे पत्र आणि तेथील नोंदणी ग्राह्य धरली जाते. म्हणून देह दिल्लीकडे हलवण्यापूर्वीच ही कागदपत्रे हाती घेणे श्रेयस्कर ठरते.

नातेवाइकांनी पुढील क्रम लक्षात ठेवावा. रुग्णालयाकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे. मृत्यू अनैसर्गिक असल्यास पोलिसांची कार्यवाही पूर्ण होऊ द्यावी. तोपर्यंत देह शीतगृहात ठेवावा. एम्बामिंगची वेळ निश्चित करून त्यानंतरच विमानाचे आरक्षण करावे. प्रमाणपत्रांवरील नावाचे स्पेलिंग ओळखपत्राप्रमाणेच आहे ना, हे तपासावे. प्रत्येक कागदाच्या काही प्रती जवळ ठेवाव्यात.

प्रत्येक वेळी गरज असतेच असे नाही

त्याच शहरात काही तासांत अंत्यसंस्कार होणार असतील, किंवा वातानुकूलित शववाहिकेने थोडे अंतर जायचे असेल, तर बहुधा एम्बामिंग करावे लागत नाही. अनेक मुस्लिम कुटुंबे धार्मिक भावनेमुळे ते टाळणे पसंत करतात. नातेवाईक परगावाहून येईपर्यंत दफन लांबणीवर टाकावे लागणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना त्याचा उपयोग होतो. अमेरिकेतही १९८४ पासून लागू असलेल्या नियमानुसार, एम्बामिंग कायद्याने सक्तीचे आहे असे खोटे सांगून ग्राहकाकडून पैसे घेता येत नाहीत.

मृताची इच्छा हा यातील सर्वांत महत्त्वाचा निकष आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाल्यावर, दर्शनासाठी त्यांचा देह काही काळ टिकवावा अशी सूचना पुढे आली होती. आपला देह अशा रीतीने जतन करू नये, अशी गांधीजींची इच्छा असल्याचे त्यांचे सचिव प्यारेलाल यांनी सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी यमुनेच्या तीरावर अंत्यसंस्कार झाले.

सन्मानाने जगण्याच्या हक्काचा आशय मृतदेहापर्यंत पोहोचतो, असे सर्वोच्च न्यायालयाने पंडित परमानंद कटारा यांच्या याचिकेवर १९९५ मध्ये नमूद केले होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही मे २०२१ मध्ये मृतांच्या प्रतिष्ठेविषयी सूचना जारी केल्या. मृतदेहाची विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार दंडनीय अपराध आहे. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातही मृतदेह आदराने हाताळणे हे विद्यार्थ्याने आत्मसात करावयाचे कौशल्य मानले आहे.

दिल्लीत पेटी बंद होते, तेव्हा गावाकडे कोणीतरी ती उघडण्याची वाट पाहत असते. रोहिणी अचूक सापडली होती का, द्रावण पुरेसे पोहोचले होते का आणि कागद पूर्ण होते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या घरच्या अंगणात मिळतात. प्रवासातील तासांचा हिशेब नेटका झाला असेल, तर आईला मुलाचा चेहरा ओळखू येतो. या कामाचे मोजमाप तेवढ्यावरच होते आणि ते करणाऱ्यांना योग्य शिक्षण मिळणे त्यासाठीच आवश्यक आहे.